हॅम हाउसचं १:१०० मॉडेल – प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

काम ठरलं. लंडनच्या नैर्ऋत्येला, रिचमंडजवळ थेम्सच्या काठी हॅम हाउस आहे, त्याचं १:१०० मापाचं मॉडेल. आज दिसतं तेवढंच करायचं असतं तर तयार फोटोंवरून उरकलं असतं. पण १६१० साली सर टॉमस व्हॅव्हसरनं बांधलेलं घर, १६३०च्या दशकात विल्यम मरेनं आतून सजवलेलं घर, १६७२नंतर लॉडरडेल नवरा-बायकोनं मागच्या बाजूनं वाढवलेलं घर आणि १७४०च्या दशकात चौथ्या अर्ल ऑफ डायसार्टनं पुढून छाटलेलं घर, अशी चारही रूपं एकाच मॉडेलात दाखवायची आहेत. तुकडा काढला की आधीचं घर दिसलं पाहिजे.

हेच घर का, तर एक म्हणजे मी पलीकडच्या काठावर ट्विकनमला राहतो, होडीनं नदी ओलांडली की पोचलो. दुसरं म्हणजे या घराचे कागद शाबूत आहेत. मरेकडे ते १६२६ साली भाडेपट्ट्यानं आलं आणि १९४८ साली नॅशनल ट्रस्टला (जुन्या वास्तू जपणारी इंग्लंडमधली संस्था) दिलं जाईपर्यंत त्याच्याच वंशात राहिलं. १६७७, १६७९ आणि १६८३ या सालांच्या सामानाच्या याद्या आहेत, खोलीवार. वास्तुकार रॉबर्ट स्मिथसननं घर नवं असतानाच काढलेला घराचा आणि बागेचा आराखडा आहे. १६४९ सालचं अलेक्झांडर मार्शलचं छोटं चित्र आहे, त्यात आज नसलेला दर्शनी भाग दिसतो. आपल्याकडच्या वाड्यांचं मॉडेल करायला बसलं की पहिले सहा महिने कागद शोधण्यात जातात, ते इथे वाचले.

खरेदी: २ मिमी ग्रेबोर्ड (राखाडी कडक पुठ्ठा), १ मिमी ग्रेबोर्ड, पीव्हीए गोंद (आपला फेव्हिकॉलच), सर्जिकल चाकू आणि पात्यांचं पाकीट, स्टीलची पट्टी, छोटा गुण्या. जोत्यासाठी १८ मिमी प्लायची ८० बाय ६० सेंमीची पाटी लाकडाच्या दुकानातून कापून आणली. सगळं मिळून ५२ पौंड.

१८ जानेवारी

मापं. प्रत्यक्ष टेप लावून अख्खं घर मोजायला कोण परवानगी देणार? म्हणून विटांच्या रद्द्यांवरून, म्हणजे आडव्या थरांवरून, उंची काढली. भिंतीच्या पायाशी एक मीटरची रंगवलेली काठी उभी करून सरळ समोरून फोटो घेतला, एका मीटरमध्ये किती रद्दे बसतात ते मोजलं आणि मग वरपर्यंत रद्दे मोजत गेलो. काठी ठेवायला आधी विचारलं. दारावरच्या स्वयंसेवक आजोबांनी काठी स्वतःच धरली आणि अर्धा तास हललेसुद्धा नाहीत.

हे करणाऱ्यांसाठी दोन सूचना. फोटो भर उन्हात घेऊ नका, सांध्यांच्या सावल्या पडल्या की रद्दा दुप्पट मोजला जातो. आणि दुरुस्ती झालेल्या पट्ट्यात मोजू नका, तिथली वीट वेगळ्या जाडीची असू शकते. खिडकीच्या दोन बाजूंना रद्दे मोजून आकडा जुळतो का ते बघा. नाही जुळला तर त्यातली एक बाजू नंतर बांधलेली असण्याची शक्यता असते. म्हणजे माप चुकलं तरी माहिती मिळतेच.

आतले फोटो बिनफ्लॅशचे. अंधार भरपूर.

२५ जानेवारी

आराखडा कागदावर छापून ग्रेबोर्डवर चिकटवायचा आणि कापायचा, अशी पद्धत ठरवली. पश्चिमेचा पंख आणि मधली पट्टी कापून झाल्यावर दोन्ही जोडायला घेतले तर मध्ये बोटभर फट. कापणं बरोबर, आराखडा बरोबर. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘पानात बसवा’ असं निवडलेलं होतं, त्यामुळे काही पानं १०० टक्क्यांवर छापली गेली आणि काही ९७ टक्क्यांवर. अर्धी पानं वेगळ्या दिवशी छापल्यामुळे लक्षात यायला मार्ग नव्हता.

आता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १०० मिमीची रेघ टाकली आहे. पान छापून आलं की आधी ती रेघ पट्टीनं मोजायची, मगच चाकू हातात घ्यायचा. कापलेला सगळा पंख रद्दीत. नुकसान पैशात फार नाही, पण शनिवार-रविवार गेला.

८ फेब्रुवारी

ग्रेबोर्ड वाकला. आराखड्याचा कागद एका बाजूनं पीव्हीएनं चिकटवला, रात्रभर ठेवला, सकाळी प्रत्येक भिंतीला पोळीसारखा फुगवटा. लंडनचा फेब्रुवारी, खोलीत हीटर, बाहेर दमट, त्यात ओला गोंद एकाच बाजूला. कागद वाळताना आकसतो आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतो.

वजनाखाली दाबून ठेवलं, उपयोग नाही. उलट बाजूनं ओलं करून सरळ करायचा प्रयत्न केला तर बोर्डाचे पापुद्रे सुटले. लागू पडला तो उपाय असा: जेवढ्या आकाराचा कागद पुढे, तेवढ्याच आकाराचा साधा कागद मागे, दोन्ही एकाच बैठकीत चिकटवायचे, मग दोन प्लायच्या मध्ये ठेवून क्लॅम्प लावायचे. गोंद ब्रशनं नाही, जुन्या एटीएम कार्डानं ओढून पातळ करायचा. आतल्या आडव्या भिंती २ मिमीच्या घेतल्या आणि बाहेरच्या भिंतींना पाठीमागून बरगड्या दिल्या. त्यानंतर काही हललं नाही.

१६ फेब्रुवारी

१६१०चा गाभा उभा राहिला. आराखडा इंग्रजी एच अक्षराचा: मध्ये आडवी पट्टी, तिच्यात हॉल, दोन्ही बाजूंना पंख, उत्तरेकडे पुढचं अंगण, दक्षिणेकडे बाग. व्हॅव्हसर पहिल्या जेम्सच्या दरबारातला नाइट मार्शल, म्हणजे दरबाराची शिस्त सांभाळणारा अधिकारी, होता. पुढच्या दारावर आजही १६१० हे साल आणि ‘राजा चिरायु होवो’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले आहेत.

रंगाचा निर्णय आज घेतला. विटेचा पोत छापलेला कागद लावून बघितला होता. १:१०० ला विटेची जाडी पाऊण मिमीही नाही, त्यामुळे तो कागद लावला की घर बिस्किटाच्या डब्यासारखं दिसतं. तेव्हा वीट वगैरे काही दाखवायची नाही. काळ दाखवायचा. १६१०चं जे आहे ते पांढरं, १६३०चं हिरवं, १६७०चं गेरूचं, १७४०चं करडं. जुन्या वास्तूंचा अभ्यास करणारे लोक नकाशावर असेच टप्प्यांचे रंग भरतात, मी फक्त ते उभे केले. आणि जे एके काळी होतं पण पाडलं गेलं ते पारदर्शक अ‍ॅसिटेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यात.

शेजारची इरा (बारावीला आहे, वास्तुशास्त्राला जायचंय, म्हणून मदतीला येते) म्हणाली, “काका, पण मग हे घर सुंदर नाही दिसणार.” नाही दिसणार. सुंदर घर नदीपलीकडे उभं आहेच, तिकीट काढून बघता येतं.

१ मार्च

रंगांचा निर्णय सोपा वाटला होता, खिडक्यांनी घात केला.

१६१०च्या घराला असणार त्या काळच्या दगडी दांड्यांच्या, छोट्या तावदानांच्या खिडक्या. लॉडरडेलनी १६७०च्या दशकात सॅश खिडक्या बसवल्या. खाचेतून वर-खाली सरकणाऱ्या, आत दोरी, कप्पी आणि वजन लपवलेल्या. इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या सॅश खिडक्यांमध्ये हॅमच्या खिडक्या मोजतात. पुढे जुन्या भिंतींतल्या खिडक्याही बदलत गेल्या. आता भिंत १६१०ची, म्हणजे पांढरी. तिच्यातलं भोक नंतर मोठं केलेलं. त्यातली चौकट आणखी नंतरची. तर खिडकीला रंग कुठला?

पहिल्यांदा चौकटीला तिच्या काळाचा रंग दिला. मग दर्शनी भाग बघितल्यावर भिंत नंतरची वाटायला लागली, कारण डोळा आधी खिडक्यांवरच जातो. चौकट पांढरीच ठेवून बघितली, तर ते धडधडीत खोटं. शेवटी इराला सुचलं: भोकाची कड रंगवायची. म्हणजे २ मिमी बोर्डाची जी जाडी खिडकीच्या आत दिसते, तेवढीच गेरूची किंवा करडी. समोरून बघितलं तर भिंत पांढरी, जरा तिरकं बघितलं तर प्रत्येक खिडकीच्या आत रंगाची एक बारीक ओळ. खऱ्या घरातही असंच असतं. खिडकी कधी फोडली ते समोरून कळत नाही, बाजूच्या जाडीत हात घालून बघावं लागतं.

ही कड रंगवायला शून्य नंबरचा ब्रश आणि पाणी न घातलेला अ‍ॅक्रिलिक. पाणी घातलं की रंग बोर्डाच्या थरांतून भिंतीच्या तोंडावर पाझरतो. पाझरलेला रंग पॉलिश पेपरनं निघत नाही, पुन्हा पांढरा मारावा लागतो. रंगवायच्या आधी कडेला पातळ गोंदाचा एक हात द्या, वाळू द्या, मग रंग. सगळ्या खिडक्यांना हे करायला मार्चचा निम्मा महिना लागणार असं दिसतंय.

१५ मार्च

मागचा ठोकळा. हे हॅमचं सगळ्यात मोठं काम आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं.

विल्यम मरेची मुलगी एलिझाबेथ. पहिला नवरा टॉलमॅश, तो वारल्यावर १६७२ साली तिनं जॉन मेटलंडशी लग्न केलं, तो त्याच वर्षी ड्यूक ऑफ लॉडरडेल झाला. दुसऱ्या चार्ल्सच्या आतल्या गोटातला माणूस. दोघांनी लगेच घर वाढवायला काढलं, वास्तुकार विल्यम सॅमवेल. जुनं पाडलं नाही. एचच्या दक्षिणेकडच्या दोन पायांच्या मधली मोकळी जागा खोल्यांनी भरून काढली. बागेकडून बघितलं तर एकसंध रुंद घर, नदीकडून बघितलं तर जुनंच घर.

मॉडेलात हा ठोकळा दोन पंखांच्या मध्ये सरकवायचा आहे. तो बसवल्यावर पहिला प्रश्न छपराचा. आधी मधल्या पट्टीचं छप्पर दोन पाख्यांचं, पाणी पुढे आणि मागे पडणार. मागे नवी पट्टी चिकटली की मागच्या पाख्याचं पाणी जाणार कुठे? दोन छपरांच्या मध्ये दरी तयार होते, तिथे शिशाची पन्हळ घालून पाणी बाजूला न्यावं लागतं. घराची जाडी एका खोलीवरून दोन खोल्यांवर नेली की ही दरी आलीच. कोकणात घराला मागून पडवी काढतात तेव्हा पाखं खाली लांबवतात, प्रश्न मिटतो. इथे मागचा भाग पुढच्याइतकाच उंच, पाखं लांबवायची सोय नाही.

मी छपराचा तुकडा एकसंध केला होता. ठोकळा काढला की त्याच्याबरोबर अर्धं छप्पर निघून यायचं आणि १६१०चं घर उघडं पडायचं. छप्पर पुन्हा केलं, आढ्यावर नाही तर दरीत तोडलं. आता जोड दिसत नाही, कारण दरी तशीही वरूनच दिसते.

दुसरा परिणाम उजेडाचा. मधल्या खोल्यांना दक्षिणेच्या खिडक्या होत्या, त्या गेल्या. मॉडेल टेबलावर ठेवून दक्षिणेच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च मारला, ठोकळा लावून आणि काढून. फरक एवढा की इरानं त्याचा व्हिडिओच काढला. प्रदर्शनात लोकांना हेच करून दाखवायचं.

२९ मार्च

ठोकळ्याच्या आतल्या खोल्या. तळमजल्यावर ड्यूक आणि डचेसच्या खासगी खोल्या, मधोमध मार्बल डायनिंग रूम. नावाला मार्बल, काळ्या-पांढऱ्या संगमरवराची ती फरशी अठराव्या शतकात उखडली गेली, आता नक्षीची लाकडी जमीन आहे. मॉडेलात जमीन करडी केली.

वरच्या मजल्यावर त्याच मध्यरेषेवर राणीसाठी केलेला संच: बाहेरची खोली, शयनगृह, आणि शेवटी छोटी खासगी खोली. राणी म्हणजे दुसऱ्या चार्ल्सची पोर्तुगीज बायको कॅथरिन ऑफ ब्रॅगांझा. आपल्या ओळखीची. १६६१च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना मिळाली ती हिच्यामुळे, आणि १६६८ साली चार्ल्सनं ती वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. हॅमला गवंडी आणि सुतार राणीच्या खोल्या करत होते त्याच सुमारास, जून १६७४मध्ये, मुंबईचा हेन्री ऑक्झिंडन रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर होता. ठोकळ्याच्या तळाला आत मी पेन्सिलीनं ‘१६७४’ लिहून ठेवलं. दिसणार कुणालाच नाही.

शयनगृहात पलंगासाठी उंच चौथरा होता. पुढे अठराव्या शतकात खोलीचा दिवाणखाना केला तेव्हा तो काढला. राणीची शेवटची छोटी खोली मात्र बरीचशी तशीच राहिली: शेकोटीभोवती स्काग्लिओला, म्हणजे जिप्सम आणि रंग कालवून घोटून केलेला नकली संगमरवर, छतावर इटालियन चित्रकार व्हेरिओचं चित्र. १:१०० ला ही खोली काडेपेटीहून लहान. मी स्काग्लिओला करायला गेलो नाही. गेरूचा एक ठिपका, बस.

१२ एप्रिल

हॉलचं छत आणि जिना. महिनाभराचं काम एका नोंदीत.

मरे हा पहिल्या चार्ल्सचा लहानपणापासूनचा सोबती. त्यानं १६३७ ते १६३९ या काळात भिंतींना हात न लावता आतून घर बदललं. पाहुण्यानं खाली हॉलमध्ये यायचं, भव्य जिन्यानं वर जायचं, मग मोठी भोजनशाळा, मग दिवाणखाना, मग लांबलचक गॅलरी, तिच्या टोकाशी ग्रीन क्लॉझेट नावाची चित्रांची खोली, जिचं छत फ्रान्झ क्लाइननं रंगवलं. प्रत्येक दार उघडेल तसा माणूस राजाच्या मित्राच्या जास्त जवळ जातो. म्हणून मॉडेलात हा सगळा मार्ग हिरवा केलाय.

भोजनशाळा नेमकी हॉलच्या वर होती. नंतरच्या काळात तिच्या जमिनीला मधोमध लांबट भोक पाडलं आणि भोवती कठडा लावला, तीच आजची राउंड गॅलरी. आता हॉलमध्ये उभं राहून मान वर केली की एकदम दोन मजल्यांवरचं छत दिसतं. ते छत जोसेफ किन्समनच्या गिलाव्याचं, वर बसून जेवणाऱ्यांसाठी केलेलं. आज ते खालून, आत पाऊल टाकणाऱ्याला दिसतं. हॅमला गेलात तर ट्रस्टची माणसं पुढे चला म्हणायच्या आत इथे मान वर करून घ्या.

भोकाला रंग कसा देणार? जमीन १६१०ची, भोक नंतरचं, आणि भोक म्हणजे तिथे काहीच नाही. कापून काढलेला जमिनीचा तुकडा फेकला नव्हता. तो सुटा ठेवला, चिमट्यानं भोकात बसवता येतो. बसवला की मरेची भोजनशाळा, काढला की राउंड गॅलरी. सगळ्या मॉडेलात मला हा तुकडा सर्वांत जास्त पटतो.

जिना. खऱ्या जिन्याला गोल खांबांचा कठडा नाही, त्या जागी कोरलेल्या लाकडाच्या जाळीदार फळ्या आहेत. फळ्यांवर तोफा, ढाली, नगारे, चिलखतं, युद्धात जिंकलेल्या सामानाचे ढीग. कोपऱ्यांच्या खांबांवर फळांनी भरलेल्या टोपल्या. खांब चढत जातात तशा टोपल्याही. एवढं सगळं युद्धाचं सामान ज्यानं कोरून घेतलं त्याचा राजा पुढच्याच दशकात खरं युद्ध हरला आणि १६४९ साली त्याचं डोकं उडवलं गेलं.

१:१०० ला ही फळी जेमतेम सेंटिमीटरभर उंच. लेझरनं ग्रेबोर्ड कापून घ्यायचा प्रयत्न केला. एका वर्कशॉपमध्ये तासावर मशीन मिळतं. बोर्ड जळून कडा काळ्या, नगाऱ्याचं आणि ढालीचं एकच भोक. मग जाड कागद, १६० जीएसएम, दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावून लेझरखाली घातला. टेप धूर पिते, कागद स्वच्छ राहतो. टेप काढताना निम्म्या फळ्या फाटल्या. टेप काढायच्या आधी हेअर ड्रायरनं कोमट करायची, मग सुटते. मशीनचे पैसे २८ पौंड, त्यातले दहाएक पहिल्या जळक्या तुकड्यांचे. टोपल्या म्हणजे दोऱ्याच्या गाठी, गोंदात बुडवून. लांबून टोपल्या वाटतात. जवळून गाठी.

३ मे

१७४०चा टप्पा, म्हणजे पुढचा दर्शनी भाग. १७३० साली वास्तुकार जॉन जेम्सनं घराची पाहणी केली तेव्हा उत्तरेकडची स्थिती वाईट होती, पुढे आलेला भाग मूळ घरापासून सुटत चालला होता. १७४०च्या दशकात दुरुस्ती झाली: दारावरचा पुढे आलेला तीन मजली भाग काढून टाकला, दोन्ही टोकांचे पुढे आलेले भाग नव्यानं बांधले. आपण आज ‘जुनं, सपाट, शिस्तीचं’ म्हणून ज्या दर्शनी भागाचं कौतुक करतो, तो असा डागडुजीतून आला आहे.

गेलेला भाग अ‍ॅसिटेटमध्ये, मार्शलच्या चित्रावरून. सुपरग्लूनं जोडला. तासाभरात काचेसारखी अ‍ॅसिटेट पांढुरकी, धुकं पडल्यासारखी. सुपरग्लूची वाफ बंद जागेत गुळगुळीत प्लास्टिकवर बसते, ती पुसून जात नाही. सगळं फेकलं. दुसऱ्यांदा विमानांच्या मॉडेलांच्या काचा बसवायला वापरतात तो पाण्याचा गोंद घेतला. ओला असताना दुधासारखा, वाळला की पारदर्शक. ताकद कमी, म्हणून सांध्याला आतून बारीक पट्टी. ते खरं तर बरंच झालं. पट्टीची कड प्रकाशात चमकते आणि नसलेल्या भागाची आकृती उठून दिसते.

१७ मे

किरकोळ. धुराडी: एकेक करत बसू नका, लांब पट्टी कापून तिचे तुकडे पाडा. पुढच्या अंगणातला नदीदेवाचा पुतळा कोड स्टोनचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या कृत्रिम दगडाचा. मी दोन भागांचा इपॉक्सी लगदा मळून केला. इरा म्हणते तो झोपलेल्या कुत्र्यासारखा दिसतो. भिंतीच्या कोनाड्यांतले अर्धपुतळे म्हणजे टाचणीची डोकी. बाग केलीच नाही.

७ जून

सगळं एकत्र जोडलं आणि मूळ कल्पनाच अडली.

१६७०चा ठोकळा मागून ओढून काढला की १६१०ची मागची भिंत दिसते, ती पांढरी, ठीक. पण त्या भिंतीत दारं आहेत. असणारच, नव्या खोल्यांत जायला दारं लागतात. मी ती भिंत आजच्या नकाशावरून कापली होती. म्हणजे ठोकळा काढल्यावर जे उभं राहतं ते १६१०चं घर नाहीच, ज्याच्या पाठीला मोकळ्या हवेत उघडणारी दारं आहेत असं कधीच नसलेलं घर आहे. वरच्या मजल्यावर तर ती दारं थेट खाली बागेत पडतात.

इरानं आधी विचारलं होतं, “ठोकळा काढल्यावर या दारांचं काय?” तेव्हा मी बघू म्हटलं होतं.

दोन पर्याय होते. एक, दारं बुजवून टाकायची, म्हणजे ठोकळा बसवल्यावर आजचं घर खोटं. दुसरा, मागची भिंत दोन प्रतींत करायची, एक खिडक्यांची, एक दारांची, आणि खाचेतून वरून सरकवायची. दुसरा घेतला. त्यासाठी पूर्ण झालेली भिंत कापून काढावी लागली, मजल्यांच्या कडा मागे घ्याव्या लागल्या, खाचेला १ मिमीच्या पट्ट्या. छप्पर काढल्याशिवाय भिंत बदलता येत नाही, म्हणजे क्रम असा: छप्पर, भिंत, ठोकळा, पुन्हा छप्पर. दोन मिनिटांत होणारं काम दहा मिनिटांचं झालं. १६१०ची खिडक्यांची भिंत मी पांढरी ठेवली नाही, पेन्सिलीच्या रेघांची ठेवली, कारण त्या खिडक्या आज कुठेच उभ्या नाहीत, माझ्या भिंतीवरच्या त्यांच्या जागा हा पंखांवरून बांधलेला अंदाज आहे.

ठोकळा घराला धरून ठेवायला लोहचुंबक: ५ मिमीचे गोल. चिकटवायच्या आधी प्रत्येकाच्या एकाच बाजूला मार्करनं ठिपका द्या. एक उलटा बसला तर ठोकळा घरापासून लांब पळतो.

२१ जून

खर्च. बोर्ड, कागद, गोंद आणि पाती १०० पौंडांच्या जरा वर, त्यात वाया गेलेले बोर्ड धरून. लेझर २८. लोहचुंबक ९. अ‍ॅसिटेट दोनदा घेतली, १४. घराचं तिकीट वारंवार काढण्याऐवजी ट्रस्टचं वार्षिक सभासदत्व घेतलं, ते यात धरलेलं नाही, ते बायकोनं फिरण्याच्या खर्चात टाकलं.

वाहतूक: मॉडेल छप्पर काढून, ठोकळा आत ठेवून न्यायचं. ठोकळा बाहेर ठेवला तर पंखांची टोकं आत झुकतात. १६७२च्या आधी घर तसंच उभं होतं, पण ते विटांचं होतं.

राहिलेलं: तळघर. तिथे स्वयंपाकघर आहे आणि डचेसनं १६७०च्या दशकात करून घेतलेली स्नानाची खोली आहे, त्या काळातल्या इंग्रज घरात फार कमी ठिकाणी सापडेल अशी. माझी पाटी सपाट प्लायची, घर थेट तिच्यावर चिकटलेलं. तळघर करायचं तर पाटीला घराच्या आकाराचं भोक पाडून खालून उचल द्यावी लागेल, आणि घर चिकटवल्यावर ते शक्य नाही. कुणी हे घर करायला घेणार असेल तर पाटी आधीच दुहेरी घ्या, मध्ये तीन-चार सेंटिमीटर जागा सोडा, आणि घर चिकटवू नका, खिट्ट्यांवर बसवा. माझे कापायचे नकाशे मी दारांच्या आणि खिडक्यांच्या दोन्ही भिंतींसकट देईन. तळघराचे नकाशे अजून काढायचे आहेत, ते ऑगस्टनंतर.